हकीकत चोवीस झाडांची आणि मोतीबिंदूच्या मोहिमेची

विदित व्हावे समस्त वाचणारांस, आणि न वाचता नुसती पाने उलटणारांसही, की ही हकीकत ज्या मोहिमेची तीत लढणारा असामी आणि लिहिणारा असामी एकच आहे. सबब पराक्रम फार आणि फजिती थोडी, ऐसा मजकूर पडणे साहजिक. वाचणाराने वजावट करून घ्यावी. किती करावी तो आकडा अखेरीस दिला आहे. तोवर दम धरावा.

मूळ ऐसे जे, समुद्रापासून समुद्रापर्यंत अवघ्या खंडावर शास्त्री मंडळींनी एक जाळे टाकले आहे, सोळा किलोमीटर उभे आणि सोळा किलोमीटर आडवे, आणि जाळ्याची गाठ जेथे जंगलात पडली तेथे चौकी बसविली, आणि दर चौकीस चोवीस झाडे नेमून दिली, चार दिशांस सहा सहा, आणि बुंध्यांवर पांढऱ्या रंगाने नंबर घातले. मग दर साली, पाने पुरती भरल्यावर आणि पिकू लागण्याआधी, निरीक्षकाने हरएक झाडासमोर त्याच्या उंचीइतके लांब उभे राहावे, मान वर करावी, आणि सांगावे की याने पाने किती गमावली: पाच टक्के, की दहा, की पंधरा. दोन माणसांनी वेगवेगळे पाहावे आणि मग आकडे ताडावे, ऐसा कायदा. हे आकडे राजधानीस जातात आणि तेथे भिंतीवर खंडाचा नकाशा लागतो. हिरवा ठिपका धडधाकट, पिवळा आजारी, तांबडा अत्यवस्थ.

पैकी एका ठिपक्याचे सरदार म्हणजे आमचे खासे. वनखात्यातील मोजणीदार, सेवेतून निवृत्त, परंतु मानेतून नव्हे. एकतीस साले लागोपाठ मान वर करून त्यांनी एकही साल चुकविले नव्हते, आणि ही गोष्ट ते दर भेटीत सांगत, मग भेट न्हाव्याच्या खुर्चीत होवो वा पोस्टाच्या खिडकीत. त्यांचे जोडीदार म्हणजे सख्खे मेहुणे, सायकल दुरुस्तीचे दुकानदार, कागद धरणारे. कायद्याप्रमाणे मेहुणे यांनी स्वतंत्र पाहावयाचे, आणि मेहुणे स्वतंत्रपणे पाहून दर झाडास म्हणत, "दाजी म्हणतील ते." बहिणीच्या संसाराची काळजी असलेला भाऊ याहून वेगळे काय म्हणणार?

ऐसे चालले असता अठ्ठाविसावे साली ठिपका पिवळा जाहला, एकोणतिसावे साली नारिंगी, आणि तिसावे साली तांबडा. भोवतालचे ठिपके सारे हिरवे, आणि मध्ये हा एकटा, गालावर मुरूम उठावा तैसा. खासे यांस दुःख बहुत जाहले, आणि खरे लिहावे तर थोडा मानही वाटला, की अंत आला तो आमच्याच चौकीपासून आला. मग त्यांनी वाचनालयात व्याख्यान दिले, विषय 'आपल्या जंगलाचे अखेरचे दिवस', श्रोते अकरा, पैकी दोन पंख्याखाली बसावयास आलेले. आणि बोलता बोलता खासे यांनी पाण्याचा पेला घेण्यास हात पुढे केला तो शेजारील फुलदाणीत गेला. श्रोत्यांस वाटले, शोक अनावर जाहला.

घरची सरकार मात्र फसणारी नव्हती. कपाच्या शेजारी चहा ओतताना तिने खासे यांस दोनदा पकडले होते, आणि एके संध्याकाळी खुंटीवरच्या रेनकोटास "या, बसा" म्हणताना तिसऱ्यांदा. डोळे दाखवावे म्हणोन तिने फर्मान काढले, आणि खासे यांनी ते नेहमीच्या रिवाजाप्रमाणे उशीखाली ठेविले.

मग एकतिसावे साली पाहणीच्या ऐन हंगामात राजधानीहून खलिता आला, तो ईमेलने. मजकूर ऐसा की, आपली चौकी एकटीच लाल दिसते, सबब तपासनीस बाई येऊन आपणासोबत झाडे पाहतील. नोंदी भरवशाच्या न ठरल्यास तीन सालच्या नोंदी रद्द होतील, आणि सलग तीन साले रद्द जाहल्यास चौकी लांब पल्ल्याच्या मालिकेतून काढली जाईल. खलिता वाचोन खासे खुर्चीत बसले. एकतीस सालची साखळी, जी न्हाव्यासही तोंडपाठ, ती तुटणार!

गुरुवारी बाई दाखल जाहल्या. वय पंचेचाळीस, बूट मजबूत, बोलणे मऊ. मग बाई, खासे आणि मेहुणे ऐसे तीन असामी बसने कूच करोन जंगलाच्या फाट्यास उतरले आणि पायवाटेने चौकीवर पोहोचले. पहिल्या झाडास खासे यांनी तीस सांगितले, बाईंनी पंधरा. दुसऱ्यास पस्तीस, बाईंनी वीस. नवव्यास खासे पस्तीस म्हणाले आणि मेहुण्यांनी "दाजी म्हणतील ते" म्हणावयास तोंड उघडले, तो बाईंनी त्यांस हाताला धरोन पलीकडे नेले आणि पुसले, "ते राहू द्या. तुम्हाला किती दिसतं?"

मेहुणे यांनी बुटांकडे पाहिले, मग आभाळाकडे, मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पंधरा."

"आणि गेल्या वर्षी?"

"तेव्हापण पंधरा. पण दाजींना कोण सांगणार?"

ऐसी घरातूनच फितुरी उघडकीस आली. मग बाईंनी खासे यांस विचारले की, नवव्याच्या शेंड्यावर काही दिसते काय? खासे यांनी दुर्बीण लाविली, बराच वेळ लाविली, आणि निर्वाळा दिला की शेंडा रिकामा आहे. ते समयी शेंड्यावर एक घार बसली होती, चांगली कोंबडीएवढी, आणि ती खासे यांजकडेच पाहत होती.

शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी निकाल दिला. खासे यांचा डावा डोळा लहानपणापासून शोभेचा, सारा कारभार उजव्याकडे, आणि उजव्यात मोतीबिंदू तीन सालांपासून वाढत आलेला. त्यातून उजेड फुटतो, आभाळाचा पांढरेपणा पानांवर सांडतो, आणि पान असते तेथे भोक दिसते. म्हणजे जंगल ठणठणीत, आणि आजारी पडली ती पाहणाराची बाहुली. अकरा श्रोत्यांसमोर ज्याचा शोक केला तो हा!

घरच्या सरकारने तेथेच उभ्या उभ्या मंगळवारची तारीख घेतली. त्यानंतर डॉक्टर तीन महिने परगावी, सबब तारीख पक्की. खासे मान खाली घालून बाहेर आले, आणि दारात तपासनीस बाई उभ्या होत्या त्यांनी निराळेच प्रकरण मांडले. त्यांचे म्हणणे ऐसे की, हा डोळा बिघडलेला असला तरी सारखा बिघडलेला दिसतो, दर झाडास सुमारे तितकेच चढवून सांगतो. तो किती चढवितो हे मोजता आले, तर तितके वजा करोन मागील नोंदी तारता येतील. परंतु त्यासाठी बिघडलेलाच डोळा हवा. मंगळवारी तो दुरुस्त जाहला म्हणजे तीन सालांचा पुरावा कायमचा गेला. सबब चोवीसही झाडांच्या दोन फेऱ्या त्याआधी व्हाव्या, आणि न जमल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलावी.

"ढकलायची?" सरकार कडाडली. "अहो बाई, डोळा माझ्या नवऱ्याचा आहे, खंडाचा नाही!"

"काकू, सोमवारपर्यंत उरकते. शब्द देते."

"आणि तोवर हे गटारात पडले तर?"

"मग तुम्हीच चला ना सोबत."

ऐसा तह जाहला. मेहुणे फितूर सिद्ध जाहल्याने त्यांचे कागद काढोन सरकारकडे सोपविले, आणि ठरले की दोघा निरीक्षकांनी एकमेकांस ऐकू न जाईल ऐसे आपापले आकडे सरकारच्या कानात सांगावे, आणि तिने दोन रकान्यांत लिहावे. लग्नास चाळीस साले लोटली, परंतु खासे यांनी सरकारच्या कानात काही सांगण्याचा प्रसंग बहुत दिवसांनी आला, आणि सांगितले ते काय, तर टक्के.

शनिवारी पहिली फेरी जाहली. आणि येथे एक गोष्ट नाइलाजाने लिहिणे प्राप्त आहे. गुरुवारच्या बाईंच्या आकड्यांवरून खासे यांनी हिशेब बांधला होता की, पंधरा-वीसच्या आसपास राहिले म्हणजे अब्रू राहते. मग सरकारच्या कानात त्यांनी पंधरा सांगितले, मग वीस, मग पुन्हा पंधरा, आणि मनात म्हणाले, पाहा, डोळा इतका काही वाईट नाही.

संध्याकाळी घरी, हात धुताना, सरकारने विचारले, "चोवीसपैकी अठरा आकडे त्या बाईशी जुळले. कसे काय हो?"

"अनुभव," खासे म्हणाले.

"असं? त्या खुंटीवर कोण आहे?"

"रेनकोट."

"दिसतोय, की आठवतोय?"

खासे यांच्या हातावरून पाणी वाहत राहिले, तोटी बंद करण्याचे सुचेना. एकतीस सालांच्या पाहणीत ऐसा सवाल कोणी वरिष्ठानेही केला नव्हता.

"आठवतोय," ते म्हणाले.

"मग तिथे जाऊन आठवायचं नाही. भोक दिसलं तर भोक सांगायचं. तुमची अब्रू वाचवायची की साखळी, ते एकदा ठरवा, आणि आधी तो नळ बंद करा."

मग खासे यांनी दस्तुरखुद्द फोन लाविला आणि तपासनीस बाईंस कबूल केले की, शनिवारची फेरी लबाडीची आहे, रद्द करावी. बाईंनी त्या फेरीवर काट मारली. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. हीच फेरी धरली असती तर तुमचा डोळा चांगला ठरला असता आणि जुन्या आकड्यांवरून जंगल खरंच आजारी."

रविवारी धुके ऐसे पडले की चांगल्या डोळ्यासही झाड आणि विजेचा खांब एक दिसावा. सारा दिवस फाट्यावरील थांब्यात बसोन गेला. मेहुणे प्रायश्चित्त म्हणोन थर्मास घेऊन आले, परंतु त्यांजशी कोणी बोलेना, तेव्हा ते बसच्या वेळापत्रकाशी बोलत बसले. उरला सोमवार, आणि फेऱ्या दोन.

सोमवारी धुके फाटले आणि मोहिमेचा खरा रणसंग्राम जाहला. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी, चोवीस आणि चोवीस. आणि खासे, ज्यांनी एकतीस साले अचूक म्हणोन मिरविले, ते दर झाडासमोर उभे राहून, चूक आहे हे जाणून, दिसले ते सांगू लागले. "तीस," ते कानात म्हणत. सरकार लिही. "पस्तीस." लिही. बाराव्या झाडास खासे अडले आणि म्हणाले, "अगं, इथे मला काहीच पानं दिसत नाहीत, आणि मला माहितीये ती आहेत."

"माहितीचा रकाना नाहीये इथे," सरकार म्हणाली. "बोला."

"चाळीस."

चोविसावे झाड उतारावर. तेथे दुसऱ्या फेरीत खासे यांचा पाय घसरला आणि ते बसल्या बसल्या सहा हात खाली गेले, आणि तेथूनच, चिखलात बसोन, आकडा ओरडले. कानात सांगावयाचा तो अवघ्या जंगलास सांगितला. बाईंनी त्याआधीच आपला सांगितला होता म्हणोन तो धरला गेला.

मंगळवारी डोळा जिंकला. तीन आठवड्यांनी, पाने पिकू लागण्याच्या आत, चौघेही पुन्हा चौकीवर गेले, मेहुणे यांस माफी मिळाली होती. खासे पहिल्या झाडासमोर उभे राहिले, मान वर केली, आणि आकडा सांगेनात. पानेच पाने, हरएक कडांसकट निराळे, आणि त्यांवर हलणारा उजेड.

"का हो, रडताय?" सरकारने विचारले.

"डोळ्यांत थेंब घातलेत ना, म्हणून."

"थेंब सकाळी घातले होते. आता दुपार आहे."

"पंधरा," खासे म्हणाले, आणि पुढच्या झाडाकडे चालू लागले.

दहा, पंधरा, वीस, सारी धडधाकट. मग एकोणिसावे आले आणि खासे थांबले. शेंडा उघडा, फांद्यांची टोके सुकलेली, आणि आरपार आभाळ दिसत होते, या वेळी खरेच. त्यांनी बाईंस विचारले की, यास आम्ही काय दिले होते? बाईंनी कागद चाळले. सोमवारी पंचावन्न. गेल्या साली पंचेचाळीस. त्याआधी पस्तीस.

"म्हणजे हे दर वर्षी खालावतंय," बाई म्हणाल्या. "इतके दिवस लक्षातच आलं नाही."

"कसं येणार?" खासे म्हणाले. "मी सगळ्यांसाठीच गळा काढला होता."

आणि मेहुण्यांनी, कोणी न विचारता, स्वतंत्रपणे पाहून सांगितले, "चाळीस, दाजी." खासे यांनीही चाळीसच धरले होते. कायद्याप्रमाणे दोन माणसांचे आकडे ताडून एक होण्याचा त्या चौकीवरील हा पहिलाच प्रसंग.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. राजधानीने निर्णय दिला की, सदरहू निरीक्षकाचा डोळा दर झाडास पंधरा टक्के चढवून सांगत होता, सबब मागील तीन सालांच्या नोंदी वाढत्या मोतीबिंदूच्या मानाने कमी करोन कायम कराव्या, ठिपका हिरवा करावा, आणि साखळी एकतीस सालांची अखंड धरावी. तळटीप मात्र लागली, आणि खंडाच्या अहवालात खासे यांचा मोतीबिंदू आता नोंद पावला आहे. वाचनालयात दुसरे व्याख्यान जाहले, विषय 'जंगल बरे आहे, माफ करा', श्रोते चार. एकोणिसाव्या झाडाची साल आणि सुकलेली फांदी तपासणीस गेली आहे. रोग की कीड, निकाल अद्याप आला नाही.

आणि वजावटीचे जे वचन आरंभी दिले ते येथे पुरे करितो. या हकिकतीतील पराक्रमातून, उतारावरील घसरगुंडीसह, पंधरा टक्के वजा करावे. घरच्या सरकारचे बोलणे व एकोणिसाव्या झाडाची अवस्था, ही मात्र लिहिली आहे तैसीच धरावी. ती आठवून लिहिलेली नाहीत, पाहून लिहिली आहेत. खुंटीवर रेनकोट आहे. लेखनसीमा.