ॲक्सिलरेटरवरचा पाय

डोंबिवलीत संध्याकाळची वीज गेली की सगळं गाव वीजवाल्यांचा उद्धार करी. त्या शनिवारी मात्र प्रभाकरपंत वैद्य खुर्चीतून उठले ते खुशीत हात चोळत.

"गेली!"

"गेली काय? आत्ता ठाण्याहून सरोजला बघायला माणसं येतील," सुमतीबाई म्हणाल्या. "कंदील धरून मुलगी दाखवायची?"

"कंदील कशाला? खाली ऑल्टरनेटर आहे ना!"

हा ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारं यंत्र, त्यांनी मागच्याच महिन्यात जुन्या फियाटला बसवून घेतला होता. आधीचा डायनॅमो इतका अशक्त, की हेडलाइट लावले की वायपर मान टाकायचा. कल्याणच्या नामा मिस्त्रीने डायनॅमो काढून चांगला दुप्पट ताकदीचा ऑल्टरनेटर चढवला. "साहेब, याच्यावर लग्नाचा मांडव उजळेल! फक्त बॅटरी पण नवी टाका, ही पार बसलेली आहे." बॅटरीचा विषय सुमतीबाईंनी दिवाळीनंतरवर ढकलला होता.

गाडीतून वायर निघाली, गॅलरीतून पहिल्या मजल्यावर चढली, दिवाणखान्यात हेडलाइटचे दोन बल्ब लोंबू लागले. लख्ख! आपला पराक्रम पाहायला म्हणून प्रभाकरपंतांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि वर दिवाणखान्याचं देवघर झालं. पाय दाबला की ट्यूबलाइट, काढला की समई. बॅटरी बसलेली, तेव्हा इंजिन पळेल तेवढाच उजेड.

"शेजारच्या मोरूला बसवा गाडीत," गॅलरीतून सूचना आली.

"मोरूला? माझ्या गाडीत?"

त्यांच्या ॲक्सिलरेटरवर आजवर परका पाय पडला नव्हता. इतक्यात पाहुणे आलेच. मुलगा, त्याची आई आणि वडील त्र्यंबकराव कारखानीस गाडीला वळसा घालून जिना चढले. "हे ऑफिसातून निघालेत, येतीलच एवढ्यात. खाली गाडीत आमचा ड्रायव्हर आहे, नामा," असं वर सुमतीबाई सांगताना प्रभाकरपंतांना स्पष्ट ऐकू आलं. झालं! आता वर जायचीही सोय उरली नाही.

थोड्या वेळाने त्र्यंबकराव तंबाखू मळत खाली आले आणि दार उघडून शेजारी बसले.

"किती वर्षं आहात यांच्याकडे?"

"पंचवीस," प्रभाकरपंत खरं तेच बोलले.

"बाई कशा आहेत?"

"कडक आहेत. पण उपाशी ठेवत नाहीत."

बोलण्याच्या नादात पाय सैल पडला.

"नामा!" गॅलरीतून सुमतीबाई कडाडल्या. "झोपलास की काय रे? दाब की!"

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण नवऱ्याला अरेतुरे करायची संधी त्यांना आजच मिळत होती. दोनच मिनिटांनी, उजेड चांगला असतानाही, त्यांनी पुन्हा एकदा हाक मारून घेतली.

"साहेब कसे आहेत?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"देवमाणूस!" या उत्तराला मात्र विचार करावा लागला नाही.

"आणि मुलगी?"

प्रभाकरपंत पुन्हा पेट्रोलच्या काट्याकडे बघत राहिले. "मुलगी... ऑफिसातून कितीही उशिरा आलो तरी ती जेवायची थांबते. ती गेल्यावर त्या घरात..."

वाक्य तिथेच राहिलं. पायही उचलला गेला. वर पुन्हा समई झाली.

"दाबा, दाबा," त्र्यंबकराव हळूच म्हणाले. "आणि आता वर जा, व्याही. मुलगी आम्हाला पसंत आहे. मी बसतो इथे."

"तुम्हाला... कसं कळलं?"

"पेट्रोलच्या काट्याकडे इतक्या वेळा बघणारा ड्रायव्हर मी जन्मात पाहिला नाही. सरका."

मुलीच्या बापाला व्याह्यांना नाही म्हणता येत नाही. प्रभाकरपंत सरकले. जिना चढून दारात पोचले तर दिवाणखाना संध्याकाळभरात उजळला नव्हता इतका उजळला होता. सरोजच्या चेहऱ्यावरचं हसू, मुलाच्या कपाळावरचा घाम, भिंतीवरचे ओलीचे डाग, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"आलात?" सुमतीबाई कौतुकाने म्हणाल्या. "बघा, आता कसा छान उजेड पडलाय!"

खाली फियाट जिवाच्या आकांताने ओरडत होती. प्रभाकरपंतांनी चहाचा कप उचलला आणि डोळे मिटून घेतले.