तांबडीची गुंगी

"मॅडम, जरा सढळ हातानं टोचा," गहिनीनाथ म्हणाला.

डॉक्टर यशोधरांनी सिरिंज उजेडाकडे धरली. "गुंगीचं औषध वजनावर देतात, काका. ही पंगत नाही."

तांबडी गाय दोघांकडे बघत होती, आणि तिचं बघणं काही चांगलं नव्हतं. खूर वाढून तिच्या मागच्या पायाला जखम झाली होती. तो कापायचा तर गुंगी देणं भागच होतं, कारण गहिनीनाथची बायको छबूबाई सोडून कोणीही जवळ गेलं की तांबडी लाथ घालायची. कालवड असल्यापासून तिची सगळी उस्तवार छबूबाईंनीच केली होती. धारेच्या वेळी गहिनीनाथ पारावर पेपर वाचत असे. एकदाच हौसेनं धारेला बसला, तो थेट उकिरड्यावर जाऊन पडला.

आता पारनेरला लेकीचे, रुपालीचे, दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते आणि छबूबाईंचा जीव तिकडे लागला होता. "आदी ही गाय इका," त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, "न्हाईतर तिलाबी एस्टीत बसवून नेते."

घोडेगावच्या बाजारात तांबडीनं मागेच एका दलालाला लोळवलं होतं, त्यामुळे तिकडची वाट बंद. म्हणून गहिनीनाथनं डोकं चालवलं. खूर कापायचा आणि गिऱ्हाइकाचा, दोन्ही मुहूर्त एकच धरले. धार काढून बघितल्याशिवाय गाय कोणी घेत नाही, आणि गुंगीतली गाय लाथ कशी मारणार? यात आपण लबाडी करतोय असं त्याला मुळीच वाटलं नाही. नुसती सोय!

इंजेक्शन लागू पडलं. तांबडीची मान खाली आली, तोंडातून लाळ गळू लागली. डॉक्टरांनी खूर कापला, जखम बांधली, दुखणं कमी करणारं दुसरं इंजेक्शन दिलं. "तास-दोन तासांत ती ताळ्यावर येईल. तोवर चारा-पाणी नको. आणि दूध मी सांगेपर्यंत ओतून द्यायचं. डेअरीला नाही, चहालाही नाही."

"व्हय, व्हय," गहिनीनाथचे कान रस्त्याकडे लागले होते.

डॉक्टर गेल्या. गिऱ्हाइकाचा, पुंजारामचा, मात्र पत्ता नव्हता. फोन केला तर म्हणाला, "टेम्पो पंक्चर झालाय. आलोच."

गहिनीनाथ गोठ्यातून फाटकात आणि फाटकातून गोठ्यात येरझाऱ्या घालू लागला. तांबडीचा एक कान हलला. मग दुसरा. शेवटी शेपटीनं माशीही उडवली. त्यानं डॉक्टरांना फोन लावला. "मॅडम, अजून घोटभर देता यील का? गाय जागी व्हाया लागली."

"काका, गाय जागी होणं चांगलं असतं!" फोन बंद.

पुंजाराम आला तेव्हा तांबडी ताठ उभी होती. आल्या आल्या त्यानं हात धुतले, चरवी घेतली, गायीला वळसा घातला आणि तिच्या डाव्या अंगाला बसला. गहिनीनाथनं डोळे मिटून घेतले.

चरवीत धारा वाजू लागल्या. लाथ नाही, फुत्कार नाही.

"लई गरीब जनावर!" पुंजाराम खूश झाला आणि त्यानं फेसाळ चरवी तोंडाला लावायला उचलली.

गहिनीनाथनं झेप घेऊन ती हिसकावली. "पाव्हणं, नगा पिऊ!"

"का बरं?"

"देवाला बोललोय..."

"मग न्या की देवाला. ओतताय कशाला?"

दूध उकिरड्यावर गेलं होतं. पुंजाराम कमरेवर हात देऊन उभा राहिला. गहिनीनाथनं खूर, गुंगी, दलाल सगळं ओकून टाकलं.

"म्हंजी मला गुंगीतली गाय इकत हुता?" पुंजाराम तांबडीजवळ गेला, डोळे बघितले. "पर ही तर चांगली जागी दिसती. तुमी बसा बघू धारेला."

आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. गहिनीनाथ सगळे बसतात तसा उजव्या अंगाला बसला आणि दुसऱ्या क्षणी कडब्याच्या पेंढ्यांवर पडला होता.

"गुंगी कवाच उतरलीय," पुंजाराम म्हणाला.

"मंग तुमाला कशी मारली न्हाई?" मांडी चोळत गहिनीनाथ ओरडला.

"काय की. मी डावरा हाय, त्या अंगानं बसतो. तिला तीच सवय आसंल."

"मीबी डावरी हाय," दारातून छबूबाई म्हणाल्या. "भाकरी ह्याच हातानं थापते, वाढते ह्याच हातानं. इतकी वर्सं संसार केला, तुमी कदी बघितलंच न्हाई."

गहिनीनाथला लाथेपेक्षा हे जास्त लागलं.

"गाय सोन्यासारखी हाय," टेम्पोकडे जाता जाता पुंजाराम म्हणाला, "पर तुमच्याकडनं न्हाई घ्यायची."

छबूबाईंनी चरवी धुऊन आणली. "बसा डाव्या अंगानं."

तो भीत भीत बसला. तांबडीनं त्याचं डोकं हुंगलं आणि पाय जागचा हलवला नाही. "आगं, मारत न्हाई!" तो हरखून ओरडला.

पण छबूबाई घरात पोचल्या होत्या, आणि कपाटावरची बॅग काढल्याचा आवाज आला. "मंग इकायचं कशाला? मी उद्याची एस्टी धरते. सकाळ-संध्याकाळ धार काढायची, शेण उचलायचं. रुपालीचं बाळ जरा मोठं झालं की येते मी."

गहिनीनाथच्या डोळ्यांपुढे पार आला, पेपर आला. त्यानं घराकडे चोरून बघितलं आणि तांबडीच्या कानाशी लागला.

"एक लाथ घाल की गं, बाई."

तांबडी शांतपणे रवंथ करत राहिली.