सुभानराव महाराजांच्या वांगीछाप जाम्याची हकीकत

श्री. आधी वंदन सुईच्या भोकास, ज्यातून राज्यांची अब्रू ओवली जाते. मग वंदन धोब्याच्या दगडास, ज्यावर राजाचे आणि रंकाचे कपडे सारखेच आपटले जातात. शके सोळाशे बारा, प्रमोदनाम संवत्सरे, आश्विन मासी एका दौलतीत जे प्रकरण जाहले ते येथे लिहिले आहे. दौलतीचे नाव पुसू नये. आम्ही त्या दरबारी लेखनिक होतो. दरबारातले लिहितो ते सर्व डोळ्यांनी पाहिलेले आहे, मात्र गुडघ्याच्या खालचेच पाहिलेले आहे; बाकीचे मागाहून कानी आले.

त्याचे कारण ऐसे की, महाराजांचे पणजोबांस पूर्वी नाकाच्या शेंड्यावर फोड जाहला होता, तेव्हा त्यांनी हुकूम फर्माविला की कोणी हुजुरांचे तोंडाकडे पाहू नये, नजर गुडघ्यावर चढवू नये. फोड पंधरवड्यात बसला, हुकूम मात्र उभा राहिला, आणि मग पणजोबा कैलासवासी जाहले आणि आजोबा जाहले आणि मग वडीलही जाहले, ज्यांचे नाक उत्तम होते, तरी माना खालीच राहिल्या. आणखी एक रीत ऐसी की, महाराजांनी मोठ्याने बोलू नये, कारभाऱ्याच्या उजव्या कानात बोलावे आणि कारभाऱ्याने ते सभेस सांगावे. म्हणून सकळ दरबार श्रीमंत सुभानराव महाराजांस दोन गोष्टींवरून ओळखी: पांढऱ्या जाम्याचा, म्हणजे पायघोळ अंगरख्याचा, घेर, आणि त्याखाली काळे जोडे, पैकी डाव्याची टाच झिजलेली. आम्हीही तैसेच ओळखीत होतो. तोंड कैसे, गोरे की सावळे, मिशा आहेत की नाहीत, हे आम्हास ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर विचारही मनात आला नव्हता.

पुढे महाराजांस त्या पांढऱ्या जाम्याचा बहुत कंटाळा आला. जुना विटला की नवा येई, तोही तैसाच पांढरा. तेव्हा त्यांनी भिकाजीपंत कारभारी यांचे कानात सांगितले की, आम्हास रंगीत, छापाचा पोशाख पाहिजे. पंतांनी सभेस सांगितले, “हुजुरांची मर्जी की, गावकुसाची डागडुजी व्हावी.” महाराज चकित जाहले आणि पुन्हा कानात बोलिले. पंत म्हणाले, “हुजुरांची मर्जी की, हत्तीस रोज गूळ द्यावा.” ऐसे वर्षभर चालले आणि गावकूस चांगले मजबूत जाहले आणि हत्ती इतका फुगला की हत्तीखान्याच्या दारातून निघेना, परंतु जामा काही बदलला नाही. मग महाराज अंतःपुरात गेले आणि राणीसाहेब दर्याबाई यांजपाशी दुःख सांगितले. बाईसाहेबही रीतीप्रमाणे खाली पाहूनच बोलत. त्या म्हणाल्या, “पंतांना कशाला सांगायचं ते? कपड्याचं मला सांगावं की!” आणि त्यांनी म्हाळू रंगाऱ्यास परसदारी बोलाविले.

म्हाळू ठशांची पेटी घेऊन आला. बाईसाहेबांनी फुले पाहिली, वेली पाहिल्या, कोयऱ्या पाहिल्या आणि बाजूस सारल्या. म्हाळू म्हणाला, “आईसाहेब, फुलंयेली तर समदेच घालत्यात. सरकारांस्नी वांगी छापू का? भरल्या वांग्याची, देठासकट. आन् मधी मधी पाली.” बाईसाहेब म्हणाल्या, “पाली कशाला रे?” तो म्हणाला, “पाल असली की मानूस दोनदा बगतं.” ही गोष्ट बाईसाहेबांस पटली. मग हळदी रंगावर जांभळी वांगी आणि हिरव्या पाली छापल्या आणि बाईसाहेबांनी स्वतःकरिता त्याच ठशांचे लुगडे छापविले, आणि साज म्हणून पगडीस कोंबड्याचे तांबडे पीस, कमरेस शिंपल्यांचा पट्टा आणि लाल जोडे, ज्यांच्या टोकांस पितळी बेडूक आणि बेडकांच्या पोटात घुंगरू, ऐसा सरंजाम सिद्ध केला. ठरले ऐसे की दसऱ्याचे दरबारी एकाएकी प्रकट होऊन सर्वांस थक्क करावे. महाराजांस हर्ष इतका जाहला की, ते आदले दिवशी जेवले नाहीत, नुसते बेडूक वाजवीत बसले.

दसऱ्याचे सकाळी पोशाखखान्याच्या हुजऱ्याने रीतीप्रमाणे पांढरा जामा लोड भरून गादीवर बसविला, खाली काळे जोडे मांडिले आणि हळदकुंकू वाहिले. नित्याची रीत ही की, पूजा जाहली म्हणजे महाराज येऊन तो पोशाख अंगात घालीत. परंतु आज महाराज बागेतल्या बंगल्यात वांगी नेसत होते आणि त्यांस शिंपल्यांचा पट्टा काही केल्या बसेना. इतक्यात मुहूर्त आला, नगारा जाहला आणि सरदार मंडळी मान घालून आत आली. पाहतात तो पांढरा घेर, काळे जोडे, डावी टाच झिजलेली. सर्वांनी मुजरा केला. एकेकाने आपट्याची पाने पायाशी ठेविली आणि पंत कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, “हुजुरांची मर्जी की, सर्वांचे सोने पावले.” आम्हीही मुजरा केला. लोड बहुत धिमेपणाने बसला होता, उगाच चुळबूळ नाही, आणि आमच्या मनात आले की आज हुजूर कैसे शोभतात!

तोच दाराशी छुन् छुन् जाहले. लाल जोडे आले, बेडूक आले, वांगी आली. एक सरदार पाल पाहून उडाला आणि दुसऱ्याच्या पायावर पडला. चोपदार ओरडला, “अरे, सोंगाड्याला आत कुणी सोडलं?” तेव्हा वांगी थबकली. आणि मग महाराज, ज्यांचा आवाज दरबाराने कधी ऐकिला नव्हता, ते मोठ्याने बोलिले, “सोंगाड्या नव्हे. मी सुभानराव आहे!” सभा हसली. महाराज म्हणाले, “पंत, तुम्ही तरी सांगा. एवढी वर्षं तुमच्या कानात बोलतोय, आवाज ओळखत नाही?” पंतांचे जोडे जरा मागे सरले. पंत म्हणाले, “देवाशपथ, हा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकतो आहे. माझा उजवा कान लहानपणापासून बंद आहे.” सभेत कोणास यात काही वावगे वाटले नाही. महाराजांस मात्र वाटले. खाली पाहताना आम्हास दिसले की, बेडूक थरथरत होते.

चोपदाराने महाराजांचा दंड धरला. वेशीबाहेर काढावे ऐसे ठरत होते, तो महाराज म्हणाले, “बाईसाहेबांना विचारा. त्या ओळखतील.” पडद्याआडून पुसणे जाहले. पंत म्हणाले, “बाईसाहेब, कापड ओळखून चालणार नाही, कापड कोणीही चोरील. माणूस ओळखा.” पडदा हलला आणि दर्याबाई बाहेर आल्या, त्यांच्याही लुगड्याचे काठी पाली. त्या वांग्यांसमोर उभ्या राहिल्या. मग त्यांच्या गळ्यातले दागिने वाजले, त्यावरून आम्ही समजलो की त्यांनी मान वर केली.

मग बाईसाहेब म्हणाल्या, “हेच. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी एकदा पाहून घेतलं होतं. तेव्हा मी राणी नव्हते, मला कोण अडवणार?” महाराजांचा आवाज बारीक जाहला. ते म्हणाले, “कसा दिसतो मी?” त्या म्हणाल्या, “म्हातारे झालात. पण तेच आहात.”

आता प्रकरण मिटले ऐसे आम्हास वाटले, परंतु पंत कारभारात मुरलेले. ते म्हणाले, “ठीक. हे बाईसाहेबांचे यजमान, मान्य. पण महाराज ते, जे गादीवर आहेत. दरबार पांढऱ्या घेरास मुजरा करतो, वांग्यांस करीत नाही. तो जामा आपण अंगात घाला, या क्षणी लोटांगण घालतो.” आणि त्यांनी लोड उपसला आणि रिकामा जामा पुढे धरिला. अवघे राज्य हातभर अंतरावर लोंबत होते. महाराजांनी बाही हाती घेतली. मग म्हणाले, “बाईसाहेब, काय करू?”

त्या म्हणाल्या, “ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तो अंगात घातलात तर मला पुन्हा मान खाली घालावी लागेल.”

बाही सुटली. लाल जोडे फिरले आणि छुन् छुन् करीत दाराकडे चालले, आणि शेजारी लुगड्याचा काठ चालला. पंतांनी घाईघाईने लोड पुन्हा जाम्यात भरिला आणि सभा गादीकडे वळून मुजऱ्यास वाकली. तेव्हा आमच्या ध्यानी आले की, जाणारे आता महाराज नव्हते, सबब त्यांस पाहण्याची मनाई उरली नव्हती. आम्ही मान वर केली. मानेस सवय नव्हती, कळ आली, तरी केली. दाराशी त्यांनी वळून पाहिले. तोंड साधेच होते, नाक जरासे डावीकडे कललेले, मिशीस कोठेशी रंग लागलेला, पगडीचे पीस कपाळावर आलेले, आणि डोळ्यांत पाणी असून ते हसत होते. बरे वाटले. मग वाईटही वाटले, की इतकी वर्षे या माणसाची चाकरी केली आणि साधे तोंड पाहिले नाही.

ऐसी ही हकीकत. गादीवर जामा आहे, पंत कान लावून आहेत, दौलत सुरळीत चालली आहे. सोमवारी जामा धुण्यास जातो, त्या दिवशी रिकाम्या गादीस मुजरा होतो. सुभानरावांचे तोंड कैसे होते, हे सांगू शकेल ऐसे दरबारात आम्ही एकटेच आहो, आणि आम्हास कोणी विचारीत नाही. म्हणून हे लिहिणे.