बाकांना चाकं

सभागृहाची एक जुनी आणि गंभीर प्रथा होती. निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याच्या अंगमापाने बाक बनवला जाई आणि मुदत संपेपर्यंत तो बाक त्या सदस्याला सोडत नसे. सदस्याने पक्ष सोडला तरी. सदस्य पलीकडच्या पक्षात गेले, की सुतारमामांनी स्क्रू काढून, बाक डोक्यावर घेऊन मागोमाग पलीकडे जायचं. त्यामुळे सभागृह सर्वांत जास्त वेळा ओलांडलेला आणि तरीही एकदाही पक्ष न बदललेला माणूस म्हणजे सुतारमामा.

त्यांचं स्वतःचं एकच काम तिथे अडकलं होतं. घर ओढ्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. पावसाळ्यात बायको लेकीला खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून जाई आणि लेक वरून गात असे:

ओढ्या, ओढ्या, हळू चाल, आई माझा घोडा;
दप्तर माझं डोक्यावरती, हातामध्ये जोडा!

पुलाचा प्रश्न त्यांच्या भागाचे आमदार मांडणार होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी विरोधी बाकांवरून प्रश्न दिला आणि तो पुकारला जाईपर्यंत ते सत्ताधारी झाले.

"मामा, पूल माझ्या लक्षात आहे हं," बाकाशेजारून चालताना भाऊ म्हणाले. "पण प्रश्न विरोधकांनी विचारायचे असतात. आपल्याच सरकारला विचारणं बरं दिसत नाही."

"मग न विचारता मंजूर करून घ्या की."

"विचारल्याशिवाय मंजूर कसा होईल? थांबा, मी रुसून परत तिकडे जातो."

भाऊ रुसले, बाक गेला. सरकारने समजूत काढली, बाक आला. दर अधिवेशनात हेच. पूल तेवढा मधल्या वाटेत राहिला.

भाऊंचं पाहून इतरांनाही रुसता येऊ लागलं. मुदत अर्धी सरली, तेव्हा मामांच्या मानेचा मणका सरला.

"अहो, पट्टा बांधून आलात! एवढं कुणाचं ओझं वाहता?" बायकोने विचारलं.

"लोकशाहीचं."

"तिला म्हणावं, एकदा माझ्या खांद्यावरचं घेऊन बघ."

सचिवसाहेबांनी मामांच्या मानेची दखल 'आसन-स्थलांतरातील मानवी अडथळा' अशी घेतली आणि बाकांना चाकं बसवण्याचा आदेश काढला. मामांनी प्रामाणिकपणे चाकं बसवली. बाक आपोआप घरंगळू नये म्हणून प्रत्येक चाकाखाली लाकडी पाचर ठोकली. त्यावर सभागृह खवळलं. पाचर हा सदस्यांच्या सदसद्विवेकावरचा घाला आहे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. त्या मुदतीतलं तेवढंच एकमत. पाचरी काढल्या गेल्या; एक मामांच्या खिशात राहिली.

एक गोष्ट मात्र कुणी पाहिली नाही. इतके बाक तिकडे सरकले होते, की सत्ताधाऱ्यांच्या बाजूची जमीन खचली होती.

दुसऱ्याच दिवशी भाऊ, नुकतेच रुसलेले, विरोधी बाकांवरून उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, आमच्या ओढ्यावर..." एवढ्यात त्यांचा बाक निघाला. भाऊंनी धावत जाऊन त्यावर बैठक मारली. मागून दुसरा, मग पाचवा, मग सगळेच! खडखड, घडघड, कुणी पुढे तोंड करून, कुणी मागे, एकजण घोषणा देत निघाला आणि पोहोचेपर्यंत त्याची घोषणा उलटी झाली होती. विरोधी बाजू धुतल्या ताटासारखी रिकामी.

"विरोधकांशिवाय कामकाज चालत नाही," अध्यक्ष हातोडा आपटत म्हणाले. "तिकडे कोण आहे?"

तिकडे मामा होते, दुरुस्तीच्या स्टुलावर. उरलेली चाकं त्यालाच लावली होती.

"मी आहे साहेब. सुतार."

"विरोधक उपस्थित. विचारा प्रश्न."

मामा उठले. "आमच्या ओढ्यावर पूल कधी होणार?"

प्रश्न पहिल्यांदाच शेवटपर्यंत विचारला गेला होता. मुख्यमंत्र्यांचे डोळे पाणावले.

"किती तळमळीचा माणूस! असा माणूस तिकडे एकटा? या, मामा!" त्यांनी शेजारची मखमली गादी स्वतः झटकली. तिला मान टेकायला उशी होती.

मामा खाली बसले. स्टूल हललं. हात खिशात गेला, पाचर बोटांना लागली. मामांनी तिच्या धारेवरून अंगठा फिरवला. मान ठणकली. हात रिकामाच बाहेर आला आणि चाकं किती छान फिरतायत, याचं त्यांना कौतुक वाटत राहिलं.

"पुलाचं काय झालं?" संध्याकाळी बायकोने ओले कपडे पिळत विचारलं.

"ओढ्याची खोली समाधानकारक आहे," मामा म्हणाले.

तिने पिळा तसाच धरून नवऱ्याकडे पाहिलं.

बातमी फुटली. सकाळी अख्खी गल्ली दारात. मामांनी शिव्या खायची तयारी करून दार उघडलं.

"हेच का शेजारपण?" सगळ्यांत पुढचा शिंपी कडाडला. "अशी चाकं येतात आणि आम्हाला सांगत नाही? ही घ्या माझी खुर्ची!"

त्याच्यामागे मास्तर, डॉक्टर, छापखानेवाला, सगळे आपापली खुर्ची घेऊन उभे होते. मापं घ्यायला लेक बसली. पाणी चढल्यामुळे शाळा तशीही बुडाली होती. फीत ताणता ताणता ती गात होती:

खुर्ची, खुर्ची, हळू चाल, उतार आहे थोडा;
माणूस आहे वर बसलेला, लाकडाचा घोडा!

रांग अजून हटलेली नाही. पाचर मात्र एकानेही मागितलेली नाही. ती एक मामांच्या खिशात तशीच आहे. तुम्ही आता बसला आहात, त्या खुर्चीचं मापही लेकीने घेऊन ठेवलंय. चाकं लावायची की पाचर, तेवढं कळवा.