निकाली केसरी

दिनकरअण्णा कुठलीही वस्तू वापरण्याआधी तिच्यात फुंकर मारतात. मोबाइलचा चार्जर, गॅसचा लायटर, नवा पेन, काहीही. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला लावायच्या आत अण्णांनी त्यांच्याच हातातला स्टेथोस्कोप घेऊन फुंकला. डॉक्टर अजून कमी ऐकतात म्हणे. अण्णांचं म्हणणं एकच, "धूळ अस्ती. फुक मारली की चालतंय."

एकेकाळी टीव्हीला जोडायच्या गेमची कॅसेट अडली की सगळं कोल्हापूर तिच्यात फुंकर मारायचं. कॅसेटी गेल्या, आमची सवय गेली. अण्णांची राहिली, कारण अण्णांच्या मते कॅसेटी गेलेल्या नाहीत, जरा गावाला गेल्यात.

आमच्या पेठेत त्यांची पाटी आहे. वर मोठ्या अक्षरात 'दणका पब्लिकेशन्स, व्हिडिओ गेमचे प्रकाशक', आणि खाली, लाज वाटावी इतक्या बारीक अक्षरात, 'झेरॉक्स व लॅमिनेशन'. कुणी दुकानदार म्हटलं की अण्णा झेरॉक्स मुद्दाम तिरकी काढतात. "पावणं, पब्लिशर हाय मी."

आणि ते खोटं नाही. कॉम्प्युटर नवे होते तेव्हा अण्णांनी स्वतः शिकून, स्वतः लिहून एक गेम काढला होता. नाव 'निकाली'. लाल माती, दोन पैलवान, एका कीबोर्डवर दोघांनी खेळायचं. हलगी म्हणून बिस्किटाचा डबा बडवला होता. मैदानातल्या हजारो माणसांचा आरडाओरडा अण्णांनी एकट्यानं भरला. कधी म्हातारा होऊन, कधी बाई होऊन ओरडले. नंतर आठवडाभर घसा बसला, तेव्हा गिऱ्हाइकांशी शाळेच्या पाटीवर लिहून बोलायचे. सीड्या कागलपासून पन्हाळ्यापर्यंत गेल्या. गगनबावड्याच्या पावसात सीडीवर शेवाळ धरलं, पण गेम बंद पडला नाही. पैलवान तेवढे घसरायचे.

या गेमचा अजिंक्य वीर म्हणजे मी, सर्जेराव. हसू नका. माझे वडील खरे पैलवान. मी मात्र आयुष्यात एकच कुस्ती केली, जत्रेत, आणि ती इतकी लवकर संपली की फोटोग्राफरला कॅमेऱ्याचं झाकण काढायला वेळ मिळाला नाही. पण 'निकाली'त मला कुणी पाडू शकलं नाही. वाड्यावस्त्यांवरून लोक यायचे आणि माती खाऊन जायचे. अण्णांनी मला 'निकाली केसरी' किताब दिला. तो मी लग्नपत्रिकेत छापला. सासऱ्यांना ती खरी कुस्ती वाटली आणि त्यांनी मुलगी दिली. लोणच्याच्या बरणीचं झाकण घरात आजही तीच उघडते.

पुढं मोबाइल आले, सीड्या लोकांनी कावळे हाकलायला शेतात टांगल्या, आणि अण्णांचा कमबॅक सुरू झाला. तो दर दसऱ्याला असतो. पाटी पुसतात, हार घालतात, मला पेढा देतात. "यंदा कमबॅक हाय, सर्जा. केसरी, तयारीत ऱ्हा." मीही दूध संस्थेतली कारकुनी सांभाळून बोटांचा व्यायाम करतो.

आणि गेल्या महिन्यात कमबॅक खरोखर दारात आला. पुण्याच्या एका गेम कंपनीतला तरुण, लॅपटॉप घेऊन. जुना 'निकाली' जसाच्या तसा त्यांना मोबाइलवर आणायचा होता. पाटीवरचंच नाव, प्रकाशक म्हणून अण्णाच. अण्णांनी पेनात फुंकर मारून सही करायची तयारी केली. मी किताबाचा जुना फेटा बांधून बाजूला उभा होतो, कंपनीला जाहिरातीला वीर लागेल म्हणून.

"एक बग आहे फक्त, सर," तो म्हणाला. "सर्जा नावानं खेळलं की पैलवानाचे खांदे मातीला टेकतच नाहीत. काही करा, तो हरत नाही."

मी कॉलर ताठ केली. "व्हय, तो मीच." हे कौतुक नाही हे कळायला मला अंमळ वेळच लागला. फेटा तेवढ्यात आपोआप सैल झाला.

"ऑनलाइन स्पर्धा असणार, सर. कुणीही ते नाव घेऊन शिरेल. एकच ओळ काढायची आहे."

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. "त्येला बग म्हणत न्हाईत. ते मी लिवलंय."

"मग ती ओळ काढू ना?"

"न्हाय."

"सर, मग आम्हाला जमणार नाही."

"च्या घ्या आणि जावा."

तो चहा न घेताच गेला. मी फेटा सोडून मांडीवर घेतला. "अण्णा, काढायची की ओळ. माझं काय आता."

"जत्रंतनं आल्यावर तू चार म्हैनं घराभाईर पडला न्हाईस," अण्णा झेरॉक्स मशीनकडं बघत म्हणाले. "तुझा बा हितं पायरीवर येऊन बसायचा. एवढा पैलवान गडी, पिशवी नुसती ह्या हातातनं त्या हातात करायचा. एक दिवस म्हणाला, पोरगं कशात तरी जिंकाय पायजे."

मी फेट्याची घडी घातली. मग म्हणालो, "मला एकदा दुसऱ्या नावानं खेळायचंय."

अण्णांनी जुना कॉम्प्युटर लावला. शेजारी स्वतः बसले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, चष्मा घरी राहिलेला. मी कुठलं तरी नाव घातलं. डब्याची हलगी तीनदा वाजायच्या आत मी पाठीवर होतो. पुन्हा खेळलो. पुन्हा पाठीवर. तिसऱ्यांदा तर अण्णा चहा पीत एका हातानं खेळत होते. आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

मग अण्णांनी सीडी बाहेर काढली, तिच्यावर फुंकर मारली, सदऱ्याला पुसली, परत घातली आणि कीबोर्ड माझ्याकडं सरकवला.

"आता तुझं नाव घाल."

मी घातलं. पहिल्याच डावात अण्णांचा पैलवान चीतपट झाला, आणि स्पीकरमधून सगळं मैदान माझ्या नावानं ओरडायला लागलं, म्हातारे, बायका, हजारो माणसं, एकट्या अण्णांच्या आवाजात.