रक्तगटाचा शोध कुणी लावला?

मंडळी, माझ्या पाठांतराला तोड नाही! दहावी होऊन जमाना झाला, तरी पानिपतच्या तिन्ही लढायांची सालं, अमिबाचं पुनरुत्पादन आणि आफ्रिकेतल्या नद्या मला झोपेतनं उठवून विचारा! आजवर कुणी उठवलं नाही, ही गोष्ट वेगळी.

दोन हजार एक साली माझी बायको पवित्रा पहिल्या बाळंतपणाला कोडोलीला माहेरी होती. एका रविवारी मी भेटायला गेलतो आणि जेवता जेवता तिला कळा सुरू झाल्या! कोल्हापूरच्या दवाखान्यात जायला जीप दारात आली. सासूबाई, शांतव्वा, तपासणीच्या कागदांची पिशवी घेऊन धावल्या.

"आत्ती, ते ओझं कशाला? सगळं डोक्यात हाय माझ्या!" असं म्हणून मी पिशवी कट्ट्यावर ठेवली. तिथंच चुकलं!

पवित्राला आत नेलं आणि लगेच सिस्टर बाहेर आल्या. "रक्त लागंल असं वाटतंय. बायकोचा रक्तगट कुठला?"

मी डोक्यात हात घातला. नाईल नदी बाहेर आली! परत घातला. काँगो!

"पावणं, रक्तगट!"

"रक्तगटाचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी लावला!"

"कुणी लावला ते न्हाय विचारलं! बायकोचा कुठला?"

"रक्तगट एकूण चार. ए, बी, एबी आणि ओ."

"त्यातला कुठला?"

घामानं शर्ट पाठीला चिकटला. "एबी," मी म्हणालो.

"नक्की?" आत्तींनी विचारलं.

"नसेल तर ओ."

"अय्यो शिवने!" आत्तींनी कपाळावर हात मारून घेतला. सिस्टर तर अशा बघत होत्या, की मलाच टाके घालतील! "ऱ्हाऊ दे! आम्हीच तपासून घेतो. पण तपासणीचं कार्ड आणलं असतं तर वेळ वाचला असता की!"

तेवढ्यात आतनं पवित्रा ओरडली. आता हिला काही झालं, तर ते माझ्या शहाणपणानं! मी धडपडत कोपऱ्यावरच्या फोन बूथवर गेलो. कोडोलीच्या शेजाऱ्यांना फोन करून कार्ड बघायला सांगायचं होतं. पण नंबर? बोटांनी आपोआप गणितातल्या 'पाय'ची किंमत दाबली. तीन, एक, चार, एक, पाच, नऊ. आणि लागला की हो!

"हॅलो, पिशवीत बघा! रक्तगट सांगा!"

"पावणं, ही गुळाची पेढी हाय," पलीकडनं आवाज आला. "किती ढेपा पाठवू?"

रडकुंडीला येऊन परत आलो, तर दारात डॉक्टरीणबाई हसत उभ्या. मुलगी! दोघी खुशाल! रक्ताची गरजच पडली नव्हती. मी बाकावर बसलो तो उठेचना. आत्तींनीच धरून आत नेलं.

पवित्रा दमून पडली होती, तरी डोळ्यांत हसू होतं. "काय ओ, बाहेर कसला तास घेत होता? सगळं ऐकू येत होतं. कळा द्यायच्या सोडून मी हसाय लागले. डॉक्टर रागावल्या मला!"

"आता तरी सांग, तुझा रक्तगट कुठला?"

"बी पॉझिटिव्ह. लक्षात ठेवाय सोपा हाय की! दोघांचं रक्त एकदमच तपासलं न्हाय का? तुमचाच तो!"

खरं सांगतो, मला माझाही त्याच दिवशी कळला.