बाकीचं झाकणाखाली

“खताची जबाबदारी माझ्यावर सोडा, मॅडम! असं खत काढून देतो की कुंडीत छत्रीची काडी खोचली तरी तिला पालवी फुटेल!”

आप्पांनी हे भर मीटिंगमध्ये छाती पुढे काढून सांगितलं. आप्पा म्हणजे मॉलचे साफसफाईचे सुपरवायझर. मॉलला पर्यावरणाचं प्रमाणपत्र मिळवायचं होतं. त्यासाठी वीज कमी जाळायची आणि फूड कोर्टाचा ओला कचरा बाहेर न पाठवता गच्चीवरच त्याचं खत करायचं, असं ठरलं होतं. मॅनेजरबाईंनी कपाटाएवढं यंत्रही आणलं होतं.

आता खरं सांगायचं तर आप्पांना प्रमाणपत्राशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना खत हवं होतं घरच्या लिंबासाठी. बायकोने बी टोचून रंगाच्या जुन्या डब्यात वाढवलेलं झाड होतं ते. ती गेली आणि लिंबाने पानं टाकायला सुरुवात केली. आप्पा रोज पाणी घालत, झाड रोज एक पान टाके. जणू पोच देत होतं! मेहुणी दर रविवारी येई, बाल्कनीत डोकावे आणि तेच म्हणे.

“भावोजी, ताईचं झाड मी घेऊन जाते. तुमच्या हाती ते टिकायचं नाही.”

“माझ्या हाती मी टिकलोय ना?”

“तेच बघून म्हणतेय!”

झाड द्यायचं नाही, एवढं आप्पांनी पक्कं केलं होतं. घरात तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

यंत्र शिकवायला मेकॅनिक आला. “यात कचरा टाका, भुसा टाका, हीटर लावा. दिवसभर तापलं पाहिजे. मध्ये बंद करायचं नाही.”

“दिवसभर? वीज वाचवा म्हणता आणि उष्ट्या भाज्यांना शेक देत बसता?”

“काका, सांगतोय तसं करा.”

मेकॅनिक गेला. यंत्र घरघरू लागलं. आप्पा त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि त्यांना बायकोची डाळ आठवली. डाळ अर्धी शिजली की ती गॅस बंद करायची. आप्पा म्हणायचे, “अगं, कच्ची राहील!” ती म्हणायची, “बाकीची झाकणाखाली शिजते.” आणि खरंच, जेवायला बसावं तर डाळ लोण्यासारखी! तिच्या या युक्तीला आप्पांनी आयुष्यभर कंजूषपणा म्हटलं होतं. कौतुकाचा एक शब्द कधी तोंडातून निघाला नव्हता. निदान आता तरी तिचं ऐकावं, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी हीटर बंद केला, झाकण घट्ट लावलं आणि वरून दोन थापा मारल्या.

“बाकीचं झाकणाखाली!”

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आत काळंभोर, भुसभुशीत खत. निदान वरून तरी! आप्पांनी रोज तसंच केलं. मॉलच्या मधल्या चौकातल्या सगळ्या मोठ्या कुंड्या त्यांनी काठोकाठ भरल्या आणि पहिली पिशवी घरी नेऊन लिंबाला गळ्यापर्यंत खत घातलं.

लवकरच अत्तराचा दुकानदार तणतणत आला.

“आप्पा, गिऱ्हाईक बाटली हुंगतं, नाक दाबतं आणि पळतं! या चपलांच्या दुकानातून वास येतो.”

“माझ्या दुकानातून?” चपलांचा दुकानदार बाह्या सरसावत आला. “तुझ्या अत्तराला कोणी विचारत नाही म्हणून माझ्या नावाने खडे फोडतोस?”

आप्पांनी दोघांना बाजूला केलं. “भांडू नका. उंदीर मेलाय कुठेतरी. मी शोधतो!” आणि कुंडीच्या काठावर ऐटीत कोपर टेकून त्यांनी शोधमोहीम सुरू केली. छताच्या फळ्या उघडल्या, गटारं उपसली, लहान मुलांच्या झुकझुक गाडीचं इंजिनसुद्धा खोललं. उंदीर काही सापडेना. शेवटी वास घालवायला सगळे दरवाजे सताड उघडले, एसी पूर्ण सोडला आणि भाड्याने मोठाले पंखे आणून लावले. वीज वाचवायच्या मोहिमेत मॉल असा गरगरत होता की आता उडतोय की काय!

तिकडे लिंबाची पानं करपायला लागली. आप्पांना वाटलं, अशक्तपणा असेल. त्यांनी आणखी दोन ओंजळी खत घातलं.

मग कुंड्यांना कोंब फुटले. मॅनेजरबाई हरखल्या. “आप्पा, किती हिरवंगार झालं हो!” आप्पा नम्रपणे हसले. हे काय उगवलंय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तपासणीला समिती आली. त्यातल्या एक वयस्कर बाई कुंडीपाशी वाकल्या.

“ही कुठली शोभेची झाडं?”

“परदेशी आहेत, मॅडम,” आप्पा म्हणाले.

“हा टोमॅटो आहे. ते कलिंगड. आणि त्या सरकत्या जिन्याकडे निघालाय तो भोपळा.” बाईंनी मातीत बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं. त्याबरोबर अर्धा बटाटा वर आला आणि मागोमाग असा भपकारा की समितीने एकमुखाने रुमाल काढले. “हे खत आहे?”

“आहे, मॅडम… थोडं शिजायचं राहिलंय.”

उंदीर सापडला होता!

प्रमाणपत्र गेलं. कुंड्या उपसल्या. त्या दुपारी मॉलमधून जेवढी पोती बाहेर गेली, तेवढी एरवी महिन्यात जात नसतील. मॅनेजरबाईंनी आप्पांना केबिनमध्ये घेतलं.

“हीटर का बंद केलात? शिकवलं होतं ना?”

आप्पा आता डाळीची गोष्ट काय सांगणार? “घरची सवय,” एवढंच म्हणाले. आणि मग त्यांना घरचा लिंब आठवला. ते तसेच धावत सुटले.

मधले काही रविवार गावी असलेली मेहुणी त्या संध्याकाळी आली, तेव्हा आप्पा बाल्कनीत मांडी ठोकून चमच्याने डब्यातलं खत उकरत होते. झाडावर एकही पान नव्हतं.

“अहो भावोजी! काय केलंत हे?”

“तिचंच ऐकलं.” त्यांनी सगळं सांगितलं. डाळ, गॅस, झाकण. “तिची तर शिजायची. माझंच कसं कच्चं राहिलं?”

मेहुणी दाराला टेकली. “नुसतं झाकण नव्हतं हो. ताई पातेलं तुमच्या लोकरीच्या शालीत गुंडाळायची. घट्ट. वरून उशी ठेवायची.”

आप्पांचा चमचा थांबला. शालीला डाळीचा वास येतो म्हणून त्यांनी किती वर्षं कटकट केली होती! ती हसून शाल धुवायला टाकायची. का वास येतो, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. स्वयंपाकघर पाच पावलांवर होतं.

“मला काही माहीतच नव्हतं गं,” ते म्हणाले.

मेहुणीला ओठांवर आलेला टोमणा गिळावा लागला. तिने झाडाची फांदी नखाने हलकेच खरवडली. “आत जरासं हिरवं आहे. मुळं धुऊन चांगली माती घातली तर जगेलही. सांगता नाही येत.”

आप्पा उठले. एवढे दिवस नाही नाही म्हणत आलेला माणूस, त्यांनी स्वतःच डबा पुसला आणि तिच्या हातात दिला. “घेऊन जा. पण मला कळवत जा.”

“कळवीन.”

“विसरू नकोस.”

“नाही हो!”

दार लागलं. आप्पा बाल्कनीत गेले. फरशीवर डब्याचा गोल डाग तेवढा उरला होता. ते परत आत आले, बसले, उठले. शेवटी राहवेना. त्यांनी फोन लावला.

“काय म्हणतंय झाड?”

“अहो भावोजी,” मेहुणी ओरडली, आणि तिचा आवाज फोनमधूनही आला अन् बंद दारापलीकडूनही, “लिफ्ट तरी येऊ द्या!”